मार्कस ऑरीलियसचा मुलगा

इतिहासाचा नाद असलेल्या माणसास शेजारीं बसवून ऐतिहासिक चित्रपट पाहूं नये, असें आमच्या घरांतील तरुण मंडळींचें मत आहे. आणि तें अगदींच निराधार आहे असें म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. पडद्यावर रथ धांवूं लागला कीं मी साल सांगूं लागतों, एखादा सम्राट मरून पडला कीं 'हा असा मेला नव्हता' म्हणून पुटपुटतों, आणि मग कोणी तरी दिवा लावण्याची धमकी देतें. परंतु उभा जन्म ज्याचा वर्गांत बोलण्यांत गेला त्याच्या जिभेस आवर घालणें सोपें नाहीं. घरांत जें कोणी ऐकून घेत नाहीं तें या सदरांत सांगून मोकळें व्हावें, एवढाच आजचा हेतु आहे.

रोमचे सम्राट आणि चित्रपट यांचें सख्य जुनें आहे. १९५१ च्या 'क्वो व्हाडिस'मध्यें पीटर उस्टिनॉव्ह यानें उभा केलेला नीरो, १९५३ च्या 'द रोब'मधील कॅलिग्युला, १९५९ च्या 'बेन हर'मध्यें थोडा वेळ दर्शन देणारा तायबेरियस, हे आमच्या पिढीचे ओळखीचे. नातवंडांची ओळख झाली ती २००६ च्या 'नाइट ॲट द म्यूझियम' या चित्रपटांतील बोटभर उंचीच्या ऑक्टेव्हियसशीं. हा वस्तुसंग्रहालयांतल्या बाहुल्यांचा सेनापति आहे. पण ऑगस्टस सम्राटाचें मूळ नांव ऑक्टेव्हियस होतें, हें सांगण्याची संधि मीं अर्थात् सोडली नाहीं. बाकीचे सारे बहुधा दुष्टच असतात, आणि त्यास कारण आहे. 'बेन हर' ही ल्यू वॉलेसची कादंबरी १८८० सालची. 'क्वो व्हाडिस' ही पोलिश कादंबरीकार सिएंकिएविच याची कृति १८९६ सालीं ग्रंथरूपानें आली. दोन्हींचा विषय आरंभींचे ख्रिस्ती लोक आणि त्यांची श्रद्धा हा असल्यामुळें सम्राटाच्या वांट्यास राक्षसाची भूमिका आली ती कायमची. शहाणा सम्राट पडद्यावर क्वचित् दिसतो, आणि दिसलाच तर चित्रपटाचा पूर्वार्ध संपण्याच्या आंत मरतो.

असा हा मरणारा शहाणा सम्राट म्हणजे मार्कस ऑरीलियस. इ. स. १६१ पासून १८० पर्यंत त्यानें राज्य केलें, आणि त्यांतील बराचसा काळ डॅन्यूब नदीच्या कांठीं लष्करी छावणींत काढला. त्या काळांत स्वतःपुरतीं म्हणून ग्रीक भाषेंत लिहिलेलीं त्याचीं टिपणें 'मेडिटेशन्स' या नांवानें आजही जगभर वाचलीं जातात. राज्य करीत असून मनानें विरक्त, असा हा पुरुष. आपल्याकडील वाचकास जनकाची आठवण व्हावी.

त्याच्या अखेरच्या दिवसांवर दोन मोठे चित्रपट आहेत. पहिला १९६४ सालचा, अँथनी मॅन याचा 'द फॉल ऑफ द रोमन एंपायर'. त्यासाठीं माद्रिदजवळ रोमचा सबंध चौक खराखुरा बांधून काढला होता, आणि त्यापायीं निर्मात्याचे पैसे बुडाले ते बुडालेच. यांत अलेक गिनेस मार्कस झाला आहे. तो आपला मुलगा कॉमोडस यास वगळून लिव्हियस नांवाच्या सेनापतीस वारस नेमूं पाहतो. तें कळतांच मुलाच्या पक्षाचीं माणसें, एकाच बाजूस विष लावलेल्या सुरीनें कापलेलें सफरचंद म्हाताऱ्यास चारतात. दुसरा चित्रपट २००० सालचा, रिडले स्कॉट याचा 'ग्लॅडिएटर'. येथें सेनापतीचें नांव मॅक्झिमस आहे, आणि येथें कॉमोडस स्वतःच बापास छातीशीं धरून गुदमरवून मारतो. लिव्हियस आणि मॅक्झिमस हे दोघेही कल्पित. दोन्ही चित्रपटांची मूळ गोष्ट एकच: भल्या बापानें नालायक मुलास डावलून योग्य माणूस निवडला होता, पण घातानें तें साधलें नाहीं.

आणि नेमकें हेंच खोटें आहे. मार्कसनें कोणासही निवडलें नव्हतें. १७ मार्च १८० रोजीं तो छावणींत आजारानें मरण पावला, तेव्हां कॉमोडस तीन वर्षांपासून त्याच्या बरोबरीचा सम्राट होता. इ. स. १६६ मध्यें, म्हणजे वयाच्या पांचव्या वर्षीं, त्यास 'सीझर' ही पदवी मिळाली होती. १७७ मध्यें, पंधराव्या वर्षीं, बापानें त्यास आपल्याशेजारीं सिंहासनावर बसविलें. त्या काळचा इतिहासकार डायो कॅशियस लिहितो कीं कॉमोडसची मर्जी संपादण्यासाठीं वैद्यांनींच म्हाताऱ्यास संपविलें असें आपल्या कानावर आलें. चित्रपटांतल्या खुनाचें बीज कदाचित् येथें असेल. तथापि डायोचें ऐकीव खरें धरलें तरी राज्य कोणाचें हा प्रश्न उरला नव्हता. तो बापानें स्वतःच्या हातानें आधींच सोडविला होता.

या गोष्टीचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. इ. स. ९६ मध्यें डोमिशियन मारला गेला आणि नर्व्हा हा वृद्ध, निपुत्रिक गृहस्थ गादीवर आला. त्यानें ९७ मध्यें ट्रेजन यास दत्तक घेतलें. ट्रेजनास मूल नव्हतें. त्याच्या मागून हेड्रियन आला, आणि हें दत्तविधान मरतेसमयीं खरोखरच झालें कीं राणी प्लोटायना हिनें पडद्याआडून उरकून घेतलें, याविषयीं तेव्हांपासून कुजबुज आहे. हेड्रियनासही मूल नव्हतें. त्यानें १३८ मध्यें अँटोनायनस पायस यास दत्तक घेतलें, परंतु अशा अटीवर कीं त्यानें लगेच मार्कस व ल्युसियस या दोघांस दत्तक घ्यावें. अँटोनायनसचे दोन्ही मुलगे त्यापूर्वींच वारले होते. अशा रीतीनें लागोपाठ चार वेळां रोमचें राज्य दत्तक पुत्राकडे गेलें, आणि चारही वेळां राज्य चांगलें झालें. गिबनानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासाच्या पहिल्याच खंडांत, मनुष्यजाति सर्वांत सुखी होती तो हाच काळ, असा निर्वाळा देऊन टाकला. तेव्हांपासून जो तो विचारीत आला आहे कीं एवढ्या शहाण्या मार्कसनें ही चाल मोडून गादी पोटच्या पोरास कां दिली?

आपल्या वाचकांस दत्तकाचा विषय परका नाहीं, म्हणून येथें एक भेद सांगतों. आपला दत्तक बहुधा लहान मूल असतो, आणि त्याचा मुख्य हेतु पिंडदान व वंशाचें नांव हा. रोमन लोक जाणता पुरुष दत्तक घेत. ट्रेजन दत्तक गेला तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचा होता. दुसरें असें कीं औरस पुत्र जिवंत असतां पुत्र दत्तक घेण्यास आपल्या धर्मशास्त्राची मनाई आहे, आणि १९५६ च्या कायद्यानेंही ती अट ठेवली. रोममध्यें ती आडकाठी नव्हती. क्लॉडियसनें आपला ब्रिटॅनिकस हा मुलगा हयात असतांना इ. स. ५० मध्यें राणीच्या आधींच्या मुलास दत्तक घेतलें. हा दत्तक म्हणजेच नीरो! ब्रिटॅनिकस ५५ सालीं, चौदा वर्षांचाही झाला नव्हता तोंच, जेवणाच्या पंक्तींत कोसळून मेला. नीरोनेंच त्यास विष घातलें असें प्राचीन इतिहासकार सांगतात. तेव्हां दत्तक तेवढा चांगला आणि औरस तेवढा वाईट, असा कांहीं नियम बांधतां येत नाहीं. चार चांगले दत्तक लागोपाठ झाले ते तत्त्व म्हणून नव्हेत, तर त्या चारही घरांत मुलगा नव्हता किंवा राहिला नव्हता म्हणून. व्हेस्पेशियनाच्या मागून जिवंत मुलगा मागें ठेवून मरणारा पहिला सम्राट मार्कस हाच होय.

आणि तो मुलगा कसा राहिला होता, हें पाहिलें म्हणजे प्रश्नाचें रूप पालटतें. मार्कसची बायको फौस्टिना ही अँटोनायनसची मुलगी, म्हणजे मार्कस हा नात्यानें तिचा मामेभाऊ. या जोडप्यास तेरा-चौदा मुलें झालीं. बहुतेक लहानपणींच गेलीं. मुली कांहीं जगल्या, मुलगा एक.

मार्कसचा अलंकारशास्त्राचा गुरु फ्राँटो म्हणून होता. या गुरुशिष्यांचीं पत्रें शतकानुशतकें हरवलेलीं होतीं. आंजेलो माइ या ग्रंथपालास तीं मिलानच्या ग्रंथालयांत एका जुन्या चर्मपत्रावर सांपडलीं. मूळ अक्षरें खरडून त्यावर एका धर्मपरिषदेचा वृत्तांत लिहिला होता. त्याखालून हीं पत्रें वाचून काढून त्यानें १८१५ सालीं छापलीं. मोठें राजकारण त्यांत फारसें नाहीं. मुलीस जुलाब होत आहेत, ताप आहे, खोकला अजून हटत नाहीं, असलाच मजकूर. आपल्याकडे परगांवीं असलेल्या मुलानें वडिलांस घातलेलें पोस्टकार्ड याहून निराळें नसे. एका पत्रांत फ्राँटो लिहितो कीं मी तुझीं जुळीं पिलें पाहून आलों. दोघांचेही चेहरे हुबेहूब तुझे. एकाच्या हातांत पांढऱ्या शुभ्र पावाचा तुकडा होता, राजपुत्रास शोभेल असा. दुसऱ्याच्या हातांत जाडाभरडा, तत्त्वज्ञान्याच्या पोरास साजेसा. मार्कस उत्तरीं म्हणतो कीं तुम्हीं पाहिलींत त्या वेळीं मींही मुलें पाहिलीं, आणि पत्र वाचतांना तुम्हांसही पाहिलें. त्या दोघांपैकीं एक चार वर्षांचा होऊन गेला. दुसरा कॉमोडस. कोणाच्या हातांत कोणता पाव होता, हें फ्राँटोनें सांगितलेलें नाहीं. आणखी एक धाकटा मुलगा होता. तोही सातेक वर्षांचा होऊन १६९ मध्यें गेला. बाहेर सांथ चालली होती, बहुधा देवीची. तिनें त्या वर्षांत साम्राज्यांतलीं घरेंच्या घरें ओस पाडलीं.

चेहऱ्यांविषयींचें तें वाक्य मला फार मोलाचें वाटतें, कारण रोमांत अशी कंडी पिकली होती कीं कॉमोडस हा मार्कसचा मुलगाच नव्हे; फौस्टिनेस तो एका ग्लॅडिएटरपासून, म्हणजे आखाड्यांत शस्त्र घेऊन झुंजणाऱ्या माणसापासून झाला. १९६४ च्या चित्रपटानें ही कंडी उचलून शेवटीं सिद्धच करून दाखविली आहे. फ्राँटो दरबारी होता, गोड बोलणें हा त्याचा धंदाच, हें मान्य. तरी संशयास जागा असतांना दरबारी माणूस चेहऱ्याचा विषय मुद्दाम काढीत नाहीं. चित्रपटानें असें करण्याचें कारण उघड आहे. मुलगा आपला नव्हे, वारस म्हणून नेमलेला नव्हे, शिवाय घात झालेला. इतकें झालें म्हणजे बापाकडे बोट दाखविण्यास कांहीं उरत नाहीं. भला तो भला, दुष्ट तो दुष्ट, आणि प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जातो.

आमच्या थोरल्या वहिनींनीं मात्र 'ग्लॅडिएटर' पाहून मला विचारलें, "भाऊजी, ह्या पोराची आई कुठं दिसली नाहीं ती?" माझ्या सर्व पुटपुटण्यापेक्षां हा प्रश्न मर्मावर होता. पडद्यावर आई नाहीं, बहीण तेवढी आहे. इतिहासांत आई होती, परंतु तीही छावणींत; सैनिक तिला 'छावणीची माता' म्हणत. मार्कस सरहद्दीवर राहूं लागला तेव्हां कॉमोडस सात-आठ वर्षांचा. पुढील पांच-सहा वर्षें तो मुख्यतः रोमांत, उत्तमोत्तम शिक्षकांच्या आणि गेलन या जगद्विख्यात वैद्याच्या देखरेखीखालीं वाढला. गेलनानें मोहिमेवर येण्याचें टाळलें तेव्हां मार्कसनें त्यास मुलाच्या प्रकृतीसाठीं मागें ठेविलें. १७५ मध्यें अव्हिडियस कॅशियस या सुभेदारानें, सम्राट मेल्याच्या बातमीवरून, स्वतःस सम्राट म्हणून जाहीर केलें. बंड तीन महिन्यांत मोडलें, पण मार्कस हादरला. मुलास तांतडीनें छावणींत बोलावून त्यास पुरुषाचा झगा चढविण्यांत आला. त्याच सुमारास पूर्वेच्या प्रवासांत फौस्टिना वारली. मुलगा तेव्हां चौदा वर्षांचा. दोन वर्षांच्या आंत तो सम्राट झाला.

याच्या शेजारीं मार्कसचें स्वतःचें बालपण ठेवून पाहावें. बाप लवकर वारल्यानें तो आजोबांच्या घरीं वाढला. 'मेडिटेशन्स'चा सबंध पहिला भाग म्हणजे आपण कोणाकडून काय शिकलों याची यादी आहे: आजोबांकडून शांत स्वभाव, आईकडून देवभक्ति व साधी राहणी, अमक्या गुरूकडून हें, तमक्याकडून तें, आणि सर्वांत लांब टिपण दत्तक पित्याविषयीं. सतराव्या वर्षीं अँटोनायनसच्या घरीं आल्यापासून तो तेवीस वर्षें त्याच्याजवळ उमेदवारी करीत राहिला. त्या अवधींत दोनच रात्री त्यास सोडून बाहेर राहिला, असें जुना चरित्रकार सांगतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर राज्य हातीं आलें.

माझें मत असें कीं मार्कसला मुलास डावलतां आलें नसतें. डावललेला राजपुत्र रोमांत फार दिवस जगत नसे. ब्रिटॅनिकसची गोष्ट त्यास पाठ असणार. दुसऱ्यास गादी देणें म्हणजे जगलेल्या एकुलत्या एका मुलाच्या मरणपत्रावर सही करणें, आणि बहुधा यादवीवरही. तेवढ्यापुरता मी त्याचा वकील आहें. पण घाई केली ती त्यानें केली. तेवीस वर्षांच्या उमेदवारीचें फळ जो स्वतः होता, त्यानें मुलास तीन वर्षें दिलीं, तींही राज्याभिषेक करून मग. शिक्षक नेमण्यांत त्यानें कसूर केली नाहीं. शेजारीं बसवून घेण्यास त्यास सवड झाली नाहीं. सरहद्दीवर शत्रु असतां ती कोठून काढावयाची होती, हें जो सांगेल त्यानें खुशाल दोष द्यावा. मी मास्तर होतों; शिकवणीस मुलें पाठवून निर्धास्त झालेले पुष्कळ सज्जन बाप मीं पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढें सीमेवरचे शत्रु नव्हते.

कॉमोडसनें एकट्यानें बारा वर्षें राज्य केलें. डायो त्यास जन्मतः दुष्ट म्हणत नाहीं. भोळा आणि भित्रा होता, म्हणून सोबत्यांच्या हातांत सांपडला, असें म्हणतो. राज्य त्यानें त्या सोबत्यांवर सोंपविलें. रघुवंशाचा एकोणिसावा सर्ग ज्यांनीं वाचला असेल त्यांना अग्निवर्ण आठवेल, जो मंत्र्यांच्या आग्रहास्तव प्रजेस दर्शन देई तेंही खिडकीतून पाय बाहेर सोडून. कॉमोडसचा छंद उलटा. लोकांनीं आपल्याला सारखें पाहावें असें त्यास वाटे. रोमचें नांव बदलून त्यानें स्वतःचें दिलें, बाराही महिन्यांस आपल्याच पदव्या चिकटविल्या, आणि स्वतः आखाड्यांत उतरला. एकदां त्यानें शहामृग मारून त्याची मुंडी एका हातांत आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातांत घेऊन, सभासद बसले होते त्यांच्यापुढें येऊन मान डोलाविली. डायो त्या सभासदांत बसला होता. भीतीपेक्षां हसूं अनावर झालें. हसला असता तर गर्दन गेली असती. त्यानें डोक्यावरच्या माळेंतलीं लॉरेलचीं पानें तोडून चघळण्यास आरंभ केला आणि शेजाऱ्यांसही तसें करण्यास सांगितलें. हा प्रसंग दोहोंपैकीं एकाही चित्रपटांत नाहीं याचें मला आश्चर्य वाटतें. शेवटीं ३१ डिसेंबर १९२ रोजीं मार्शिया या त्याच्या प्रेमपात्र स्त्रीनें त्यास विष दिलें; तें ओकून पडलें, तेव्हां नार्सिसस नांवाच्या मल्लानें स्नानगृहांत त्याचा गळा दाबला. पडद्यावर तो दोन्ही वेळां नायकाशीं लढून सर्वांदेखत मरतो.

हे चित्रपट घरीं सर्वांनीं मिळून पाहावे कीं नाहीं, असें कोणी विचारील. १९६४ चा तीन तासांहून लांब आहे. मुलांसह पाहण्यास हरकत नाहीं, आणि बर्फांतील छावणीचा पूर्वार्ध तर आवर्जून पाहावा. 'ग्लॅडिएटर' जाणत्यांसाठींच, अमेरिकेंत सतरा वर्षांखालील मुलांस वडीलधाऱ्यांवांचून तो पाहण्यास मज्जाव आहे, आणि तो रास्त आहे. ज्यांस त्यानंतर वाचण्याची इच्छा होईल त्यांनीं 'मेडिटेशन्स'चा पहिला भाग आधीं वाचावा. फ्राँटोचीं पत्रेंही इंग्रजी भाषांतरासह दोन खंडांत मिळतात. त्यांतलीं मुलांविषयींचीं चार-दोन पत्रें मीं मराठींत करून एका संध्याकाळीं घरांत वाचून दाखविलीं. वहिनींनीं पावाचें पत्र पुन्हां वाचावयास लावलें. मुलांस शहामृग अधिक आवडला.